हाइम्सक्रिंग्ला, खंड पहिला: आधी पद्य वाचा, मग गद्य

नॉर्वेच्या राजांचा हा जुना इतिहास आता कुणालाही एक पैसा न भरता वाचता येतो, हे आधी सांगते. लंडनच्या वायकिंग सोसायटी फॉर नॉर्दर्न रिसर्च या संस्थेने त्याचं नवं इंग्रजी भाषांतर तीन खंडांत काढलं. पहिला खंड २०११ चा, तिसरा २०१५ चा, भाषांतरकार अ‍ॅलिसन फिनले आणि अँथनी फॉक्स. तिन्ही खंडांच्या पीडीएफ संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मी पहिला खंड कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी छापून, स्पायरल लावून घेतला. पेन्सिल हातात घेऊनच वाचायचं हे पुस्तक आहे, आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यातल्या कवितांच्या ओळी फार बारीक दिसतात.

मी कॉलेजात इतिहासाची साधनं शिकवते. बखर कशी वाचायची, तिच्यातलं काय घ्यायचं आणि काय बाजूला ठेवायचं, याची आमच्याकडे शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे. तीच नजर घेऊन मी या पुस्तकाकडे गेले, आणि पहिल्याच पानांवर लेखक स्वतःच साधनचिकित्सा करताना भेटला.

हा लेखक म्हणजे आइसलंडचा स्नोरी स्टर्लुसन. ग्रंथ लिहिला साधारण १२३० च्या सुमारास. दोनदा कायदेवाचक (आइसलंडच्या सभेत कायदा म्हणून दाखवणारा अधिकारी) झालेला, राजकारणात आकंठ बुडालेला हा माणूस. १२४१ साली नॉर्वेच्या राजाची बाजू घेतलेल्या विरोधकांनी त्याला रेखोल्टच्या त्याच्याच घराच्या तळघरात मारलं. प्रस्तावनेत तो म्हणतो की राजांसमोर किंवा त्यांच्या मुलांसमोर म्हटलेल्या कवितांवर आपण सगळ्यात जास्त भर दिला आहे. कवी समोरच्याची स्तुती करणारच, हे त्याला मान्य आहे. पण जे केलंच नाही ते एखाद्याच्या तोंडावर, सगळ्या दरबाराला ठाऊक असताना, गायचं धाडस कोण करील? ती स्तुती नव्हे, थट्टा होईल. तेराव्या शतकातला माणूस आपल्या पुराव्याची बाजू इतक्या स्वच्छपणे मांडतो, हे वाचून मला खरोखर आनंद झाला. वर्गात हा परिच्छेद मी आता दरवर्षी वाचून दाखवते.

या खंडाचा गाभा म्हणजे यिंग्लिंगा सागा (सागा म्हणजे जुनी आइसलंडी गद्यकथा). ओडिन हा देव नसून आशियातून, डॉन नदीपलीकडून आलेला सरदार होता, असं सांगत स्नोरी सुरुवात करतो आणि तिथून स्वीडनमधल्या उप्साला इथल्या राजांची वंशावळ उतरवत नॉर्वेपर्यंत आणतो. त्याला आधार थ्योडोल्फ या कवीच्या ‘यिंग्लिंगाताल’ कवितेचा. एका नॉर्वेजियन राजासाठी रचलेल्या या कवितेत त्याच्या तीस पूर्वजांची नावं आहेत, प्रत्येक जण कसा मेला आणि कुठे गाडला गेला याच्यासकट, असं स्नोरी सांगतो. स्नोरी गद्यात गोष्ट सांगतो आणि लगेच खाली कडवं देतो. त्यामुळे जुनी वीट कुठली आणि वरचा गिलावा कुठला, हे वाचणाऱ्याला स्वतः ताडून बघता येतं.

फ्योल्निर राजाचं उदाहरण घेते. गद्यात आहे ते असं: डेन्मार्कमधल्या लाय्रला फ्रोडी राजाकडे मेजवानी. खालच्या मजल्यावर मधाच्या दारूचं भलंमोठं पिंप, वर माळा, माळ्याच्या जमिनीला भोक. रात्री राजा दारू पिऊन झोपेत उठला, शौचाला बाहेरच्या सज्जात गेला, परत येताना दार चुकला, पाय घसरला, आणि तो थेट पिंपात पडून बुडाला. आता कडवं बघा. त्यात आहे एवढंच की फ्रोडी राहत होता तिथे फ्योल्निरचा मृत्यू आला, आणि बैलाच्या भाल्यांच्या वारा नसलेल्या लाटेने राजाला संपवलं. बैलाचे भाले म्हणजे शिंगं, शिंगांतली लाट म्हणजे दारू. बस्स. माळा नाही, सज्जा नाही, घसरणं नाही. हे सगळं एकतर स्नोरीच्या कानावर आलेलं, नाहीतर त्याने स्वतः रचलेलं. आइसलंडच्याच आरी या इतिहासकाराने स्नोरीच्या शंभर वर्षं आधी आपल्या पूर्वजांच्या यादीत फ्योल्निरबद्दल जेमतेम अर्धी ओळ लिहिली आहे, की तो फ्रोडीकडे मेला. आणि ती यादी आरी थेट स्वतःच्या नावापर्यंत आणतो. राजांच्या वंशावळीला साध्या आइसलंडरांचीही घराणी अशी जोडली जात होती.

याच वंशावळीतल्या डोमाल्डी राजाचं प्रकरण याहून बोलकं आहे. कवितेत एवढंच की पीक यावं म्हणून स्वीडिश लोकांनी आपल्या राजाच्या रक्ताने जमीन लाल केली. ‘हिस्टोरिया नॉर्वेजिए’ या जुन्या लॅटिन इतिहासात त्याला सेरेस देवीसाठी फासावर चढवलं. लिहिणाऱ्याने रोमन देवी आणून बसवली. स्नोरी मात्र क्रम लावतो: पहिल्या शरदात बैल, दुसऱ्या शरदात माणसं, तिसऱ्या शरदात राजा. तीन वर्षांची ही चढती भाजणी गोष्ट सांगणाऱ्याची आहे, हे तिन्ही मजकूर शेजारी ठेवले की डोळ्यांना दिसतं. आपलं वय वाढावं म्हणून एकामागून एक नऊ मुलं ओडिनला देणारा, शेवटी तान्ह्या मुलासारखा शिंगाच्या टोकातून पिणारा औन राजा तर वाचून झाल्यावरही डोक्यातून जात नाही.

कविता तरी जुनी आहे का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. क्लाउस क्राग या इतिहासकाराने १९९१ साली मांडलं की ती नवव्या शतकाची नसून बाराव्या शतकातली आहे. पहिले चार राजे पाणी, माती, वायू आणि अग्नी अशा चार तत्त्वांनी मरतात, ही मांडणी शिकलेल्या ख्रिस्ती डोक्यातली वाटते. बरेच जण अजून जुनी तारीख धरतात. मला क्राग यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही, कारण कवितेतल्या काही कडव्यांची भाषा फार आडवळणाची आणि जुनी वाटते, पण पहिल्या चार राजांबद्दल त्यांनी घातलेली शंका मला गंभीर वाटते.

जमिनीतला पुरावाही गंमत करतो. गामला (म्हणजे जुन्या) उप्सालाला दफनाची तीन मोठी टेकाडं आहेत. लोकांनी त्यांना औन, एगिल आणि अडिल्स यांची नावं दिली. १८४६-४७ आणि १८७४ मध्ये त्यांतली दोन खणली तेव्हा जळलेली हाडं आणि श्रीमंत दफनाच्या वस्तू मिळाल्या, साधारण सहाव्या शतकाच्या आसपासच्या. म्हणजे मोठी सत्ता तिथे होती. पण आत कुणाचं नाव लिहिलेलं नाही. लाय्रलाही प्रचंड लाकडी दालनांचे अवशेष निघाले आहेत, त्यांतलं एक जवळजवळ ४८ मीटर लांब. ते दालन बघितलं म्हणून फ्योल्निर पिंपात पडला हे सिद्ध होत नाही.

हाराल्ड हारफाग्र, म्हणजे सुंदर केसांचा हाराल्ड, या राजाच्या सागामध्ये माझी खरी पेन्सिल झिजली. सगळा नॉर्वे जिंकेपर्यंत केस न कापण्याची शपथ, हाफ्र्सफ्योर्डची लढाई, एकछत्री राज्य. नॉर्वेने १८७२ साली याचा हजारावा वाढदिवस साजरा केला, हाउगेसुंडला स्मारक उभारलं. ८७२ हे साल सागात कुठेही नाही, सागांतल्या वर्षांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नंतरच्यांनी काढलेलं आहे. स्नोरीच्या गद्यात हाराल्ड पूर्व नॉर्वेतून येतो. पण त्याने स्वतःच उतरवून ठेवलेल्या लढाईच्या कवितेत राजा राहतो उट्स्टाइनला, म्हणजे आजच्या स्टाव्हांगरजवळ, पश्चिम किनाऱ्यावर. आजचे इतिहासकारही त्याचं बळ मुख्यतः पश्चिमेतच मानतात. स्नोरीने स्वतःच्या गोष्टीला अडचणीत आणणारी ओळ गाळली नाही, हे त्याचं मोठेपण.

आता तक्रारी. नावं जुन्या नॉर्स (त्या काळच्या नॉर्वे-आइसलंडच्या भाषेतल्या) रूपातच ठेवली आहेत, ओलाव्ह ऐवजी ओलाफ्र, हाराल्ड ऐवजी हाराल्ड्र, आणि नवख्या वाचकाचा यात सुरुवातीला गोंधळ उडतो. कवितांचं भाषांतर मुद्दाम शब्दाला धरून केलं आहे, त्यामुळे ते कानाला गोड लागत नाही. पण वाचकाला पुरावा हवा असेल तर मी गोडव्यापेक्षा हेच घेईन. ज्यांना नुसती गोष्ट हवी, त्यांना जुनी भाषांतरं जास्त सोपी जातील.

पुस्तक उघडाल तेव्हा एक करा. प्रस्तावना वाचा, मग यिंग्लिंगा सागातलं प्रत्येक कडवं गद्याच्या आधी वाचा, आणि मग गद्यात काय वाढलं ते समासात लिहीत जा. दुसरा खंड संत ओलाफचा, जाडजूड आणि वेगळ्या कामाचा; मूळ राजांच्या अभ्यासासाठी पहिलाच पुरतो.