मंडईची मुंबई: बोलणं लिहून दाखवणाऱ्या ॲपचे आठ महिने

"मी जरा मंडईत जाऊन येते," आई म्हणाली. स्क्रीनवर उमटलं, "मी जरा मुंबईत जाऊन येते." अप्पांनी आधी ते वाचलं, मग आईच्या हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता? डेक्कन क्वीन तर कधीच गेली."

हा पहिल्या आठवड्यातला किस्सा. आता आठ महिने झालेत. या काळात तीन ॲप आलटून पालटून वापरली, त्यामुळे इथे एकाची भलामण किंवा दुसऱ्याची निंदा नाही. तिघांचे गुण आणि खोडी साधारण सारख्याच निघाल्या.

अप्पा 79 वर्षांचे. पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकून घडवणाऱ्या खात्यात, 31 वर्षं काढली. कान तिथेच निम्मे गेले, उरलेले वयानं नेले. दोन्ही कानांत मशीनं आहेत, चांगली महागाची आहेत आणि ते ती घालतातही. पण तक्रार एकच: "ऐकू येतं गं, कळत नाही." कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि बहुधा आधी जातात त्या उंच सूर टिपणाऱ्या. स, श, फ ही व्यंजनं तिथेच असतात. स्वर कानापर्यंत पोचतात, व्यंजनं गळतात. मग 'साखर' काय आणि 'भाकर' काय. मशीन आवाज मोठा करतं, पण जी पेशीच नाही तिच्यासाठी तो मोठा करून उपयोग काय? त्यातून आमचं कोथरूडचं घर रस्त्यालगत. रिक्षा, पीएमपीच्या बस आणि समोरच्या इमारतीचं वर्षभर चाललेलं ड्रिलिंग, सगळंच त्या मशीनला सारखं प्यारं.

त्यामुळे अप्पा गेली चार-पाच वर्षं जेवताना ताटाकडे बघून जेवायचे. प्रश्न विचारला की हसायचे. ते हसणं म्हणजे 'काही कळलं नाही, पण जाऊ दे'.

बोललेलं लिहून घेणारे फोन तसे नवे नाहीत. पण पूर्वी एक वाक्य बोलायचं, थांबायचं आणि त्यानं काय दिवे लावलेत ते बघायचं, असा कारभार होता. समोरचा बोलत असताना मराठीत, त्याच वेगानं, पंधरा-वीस मिनिटं अक्षरं सरकत राहणं ही अलीकडची गोष्ट. गूगलनं 2019च्या फेब्रुवारीत 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' आणलं, तेही बहिऱ्यांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या साथीनं. त्यामागचे एक संशोधक दिमित्री कानेव्हस्की स्वतः लहानपणापासून बहिरे. 2022च्या सप्टेंबरात ओपनएआयचं 'व्हिस्पर' हे बोलणं लिहून काढणारं मॉडेल आलं, 6,80,000 तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं. त्यात इंग्रजी सोडून उरलेल्या 96 भाषांच्या वाट्याला आले 1,17,000 तास. आमच्या मंडईची मुंबई होते, ती अशा वाटणीमुळेच असावी. मराठी बोलणाऱ्यांची संख्या मोठी, पण लिहिलेल्या मजकुराशी जुळवलेलं रेकॉर्डिंग कमी.

अमरावतीचे मामा आले तेव्हा हे फारच उघडं पडलं. ते वऱ्हाडीत "काऊन जी" (का हो) म्हणाले की स्क्रीनवर "कौन जी". अप्पा दर वेळी दाराकडे बघायचे.

आईचं निरीक्षण वेगळं. ती म्हणते, हे मेलं मला पुस्तकातली बाई करतं. ती म्हणते "झालं का जेवून?", वर येतं "झाले का जेवून?" कढीपत्त्याचा तर 'कधी पत्ता' इतक्यांदा झालाय की आता घरात तेच नाव पडलंय. फोडणीत कधी पत्ता घालतात आमच्याकडे.

अप्पांना स्वतःला सर्वांत आवडलं ते म्हणजे अक्षरं बदलतात. आधी एक शब्द येतो, पुढचं वाक्य ऐकलं की तो मागे जाऊन दुरुस्त होतो. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "रीवर्क करतंय बघ!" पुढचे शब्द कळले की मागचा शब्द काय असावा हे त्याला नव्यानं ताडता येतं, एवढंच ते. आपणही गर्दीत असंच ऐकतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण घरी कुणी वडीलधाऱ्यांसाठी हे लावणार असेल तर एवढं तरी वाचाच. तिसऱ्या महिन्यात अप्पांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. फोन टेबलावर उभा केला होता. डॉक्टर सावकाश, नीट बोलत होते. नव्या गोळीबद्दल सांगताना ते कॉम्प्युटरकडे वळले आणि म्हणाले, "ही रिकाम्या पोटी घेऊ नका." मी ऐकलं. स्क्रीनवर होतं: "ही रिकाम्या पोटी घेऊ". अप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी गोळी हातात.

नंतर लक्ष ठेवलं तर हे पुन्हा पुन्हा दिसलं. आपल्या मराठीत नकार बसतो वाक्याच्या शेपटीला: जाऊ नका, येणार नाही, मिळत नाही. आणि आपण सगळे बोलताना नेमकी शेपटीच गिळतो. आवाज उतरतो, मान वळते, कुणीतरी दुसरं बोलायला लागतं. म्हणजे चूक होते तेव्हा चुकीचा शब्दच येतो असं नाही, कधी कधी बरोबर उलटा अर्थ येतो, तोही नीटनेटक्या अक्षरांत. नुसत्या कानांनी ऐकणारा माणूस निदान "काय म्हणालात?" विचारतो. वाचणारा विचारत नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला कळलं. तेव्हापासून गोळ्या, पैसे आणि तारखा कागदावर. ॲप फक्त गप्पांसाठी.

दुसरी खोड शांततेतली. रात्री नुसता पंखा फिरत असताना स्क्रीनवर आपोआप "धन्यवाद" उमटलं. आई दचकली. असं न बोललेलं रचण्याचा दोष व्हिस्परमध्येही संशोधकांना सापडलाय. आम्ही आता बोलणं संपलं की ॲप बंद करतो.

जेवणाच्या टेबलावर चार जण असले की मात्र हात टेकले. कोण बोलतंय ते कळत नाही, सगळ्यांची वाक्यं एकाच पोळीत लाटल्यासारखी. गणपतीच्या आधी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला तेव्हा तर संध्याकाळी सहानंतर स्क्रीन नुसती कोरी. बागेतल्या कट्ट्यावर कॉलरला लावायचा छोटा माइक घेऊन जातो, त्यानं फार फरक पडला. ज्याची बोलायची पाळी त्याच्याकडे माइक. कट्ट्यावरच्या मंडळींतले एक निवृत्त मुख्याध्यापक तो परत देत नाहीत, ही तक्रार ॲपकडे नोंदवता येत नाही.

बॅटरी पटापट उतरते, चार्जर जवळ लागतोच. फोनला उभं राहायला साधा स्टँड घ्या, अक्षरं मोठ्यात मोठी करा, स्क्रीन काळी आणि अक्षरं पांढरी ठेवा. इंटरनेट गेलं की दर्जा घसरतो.

आणि एक गोष्ट जिचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. इतकी वर्षं अप्पांना ऐकू येत नाही म्हणून सगळे त्यांच्यासमोर काहीही बोलायचे. दिवाळीत आत्या आली. अप्पांची थोरली बहीण, वय 84. ती सोफ्यावर बसून आईला सांगत होती की याचा स्वभाव लहानपणापासून हेकटच. अप्पा चकली खात होते. त्यांनी वाचलं, चकली संपवली, बोटं पुसली आणि म्हणाले, "अक्का, पाटीवरची पेन्सिल चोरायचीस तू, आणि हेकट मी?" आत्या दोन मिनिटं गप्प. मग दोघं जे बोलत बसले, ते पावणेदोन तास. फोनची बॅटरी संपली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून आई सावध झालीय. परवा मावशी आली होती. दोघी आधी भाज्यांच्या भावावर बोलत होत्या, मग आईचा आवाज खाली आला आणि बोलता बोलता तिनं टेबलावरचा फोन हळूच पालथा घातला. अप्पांनी ते पाहिलं. फोन सुलटा केला नाही. उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिघांचा चहा टाकला.