कळंबची बिनपाटीची खानावळ अन् तिथला गोळाभात

मी वर्धा ते कळंब अपडाऊन करते, सहा वर्षं झाली. चाळीसेक किलोमीटर, मधात देवळी, भिडी अन् मग कळंब. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे पण सुरू झाली, पण आमची चौघींची टोळी एसटीवालीच राहिली. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट झालं अन् स्टँडवरून शाळा जवळ पडते. आमच्यात दोघी शिक्षिका, एक नर्स, एक बँकेतली. सकाळी सीटवर बसलं की पहिला प्रश्न, आज डब्यात काय? अन् तिथून जे सुरू होतं ते देवळी येईपर्यंत कुणाच्या सासूची जवसाची चटणी, कुणाकडे तुरीच्या सोल्याची भाजी कशी करतात, कोणी फोनमध्ये लिहून घेतं, कोणी दुसऱ्या दिवशी करून आणून चाखायला देतं. अशा चौघींचं बाहेरच्या खाण्यावर एकमत होणं कठीण. या खानावळीवर झालं, म्हणून लिहून राहिले.

पहिल्यांदा गेलो ते नाइलाजाने. त्या दिवशी सकाळची बस चुकली म्हणून एका काळीपिवळीने, म्हणजे वडापच्या जीपने, निघालो अन् ती भिडीच्या पुढे बंद पडली. उन्हात दीड तास उभ्या, मग मिळेल त्या गाडीने कळंब. सकाळची घाई, त्यात दोघींचे डबेच घरी राहिलेले. दुपारी अडीच वाजता कोणीतरी सांगितलं की स्टँडवरून बाजाराच्या अंगाने चालत जा, सात-आठ मिनिटांवर निंबाच्या झाडाखाली टिनाचं शेड दिसेल. पाटी नाही. आत सहा टेबल, बाहेर दोन बाकडे. काकू रांधतात, काका वाढतात अन् गल्ल्यावर बसतात. स्वयंपाक संपलेला होता, चूल पण विझत आलेली. काकूंनी आमच्या तोंडाकडे पाहिलं अन् म्हणाल्या, "बसा वो माय, भाकर टाकतो, झुणका करतो, दहा मिनिटं लागतीन." अन् खरंच दहा मिनिटांत गरम ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, वर कच्चा कांदा. पैसे नेहमीचेच घेतले. त्या दिवसापासून पंधरा दिवसांतून एकदा तरी तिथे जेवण ठरलेलं.

आता गोळाभाताबद्दल, कारण खरं लिहायचं होतं ते त्याच्याबद्दलच. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगते, हा वडाभात नाही. वडाभातात डाळीचे वडे तळून भातावर कुस्करतात. इथे डाळीचे गोळे भातातच शिजतात, भाताच्या वाफेवर. काकू ताटात आधी मोकळा भात घालतात, त्यावर दोन गोळे, अन् गोळा बोटांनी फोडून देतात, आतून पिवळा, दाणेदार, ओलसर. मग पळीभर कडकडीत फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलाची फोडणी, मोहरी, हिंग अन् सुकी लाल मिरची, ती वरून ओतली की चर्र आवाज येतो अन् शेजारच्या टेबलवरचा माणूस पण मान वळवून पाहतो. सोबत वाटीत चिंचेचं सार. पहिला घास मी सारासोबत खाल्ला अन् मला आईची आठवण आली, माझं माहेर नागभीडकडचं, आमच्याकडे गोळाभात पाहुणा आला की व्हायचा.

पण आईची रीत वेगळी होती अन् तिथूनच काकूंशी बोलणं वाढलं. आई चण्याची अन् तुरीची डाळ तीन-चार तास भिजवायची, पाणी न घालता जाडसर वाटायची अन् त्याचे गोळे करायची. काकू भिजवत नाहीत. त्या कच्ची चणाडाळ चक्कीवरून जाडी दळून आणतात, भरडा. चौघांच्या मापाने त्यांनी सांगितलं ते असं: दीड वाटी भरडा, त्यात तिखट, हळद, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मीठ, मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर), अन् चार-पाच चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मोहन आधी पिठाला चोळायचं अन् मगच पाणी, ते पण हातानं शिंपडून, मुठीत दाबलं तर गोळा बसेल एवढंच. गोळा लिंबाएवढा. दोन वाट्या तांदळाला पाच वाट्या पाणी, कारण गोळे पण पाणी पितात. सोडा अजिबात नाही.

गोळे टाकायची वेळ ही खरी गोष्ट. माझे घरी नेहमी फुटायचे, सगळा भात पिवळा व्हायचा. काकूंनी मला चुलीजवळ उभं केलं अन् गंजाचं, म्हणजे मोठ्या पातेल्याचं, झाकण काढून दाखवलं. "भात खदखदा उकळून राहिला तवा टाकशीन त फुटतीन. पाणी भाताच्या बरोबरीले आलं, वरून बुडबुडे फुटून राहिले, आता ठेव. टाकू नको, ठेव." त्यांनी एकेक गोळा बोटांनी भातात अर्धा रुतवला, सराटा (उलथनं) लावलाच नाही, झाकणावर ताट ठेवून त्यात पाणी ओतलं अन् चुलीतली लाकडं बाहेर ओढून नुसते पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) निखारे ठेवले. वीस मिनिटं झाकण काढायचं नाही म्हणजे नाही. मी त्या रविवारी घरी गॅसवर तव्यावर पातेलं ठेवून, एकदम बारीक आचेवर केलं. एकही गोळा फुटला नाही. मुलाने तीनदा घेतला.

अन् काकूंनी माझी रीत पण करून पाहिली हे मला फार आवडलं. पुढच्या गुरुवारी गेले तर म्हणाल्या, आज तुह्या मायचे गोळे हायेत. वाटलेल्या डाळीचे गोळे मऊ होतात, चवीला मला तेच जास्त आवडतात, पण काकूंचं म्हणणं पटलं की चाळीस माणसांच्या गंजात खालच्या थरातले गोळे वजनाने दबतात अन् वाटलेली डाळ तिथे टिकत नाही, भरड्याचे गोळे टिकतात. म्हणजे घरच्या चार-पाच जणांसाठी वाटलेली डाळ, पंगतीला भरडा. एवढं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

तांदूळ त्या एचएमटीच वापरतात. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण ते वाण आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून निवडून तयार केलं, नाव पडलं घड्याळावरून. २०१८ मध्ये ते गेले. भात खाताना त्यांचं नाव घेतलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, काकूंना पण सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं. आता त्या वाढताना इतरांना सांगतात. हळद मी त्यांना वायगावची आणून देते, समुद्रपूर तालुक्यातली, आमच्या वर्धा जिल्ह्याची, तिला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. रंग असा की चिमूटभर पुरे. त्या बदल्यात मला चुलीवर भाजून केलेला ठेचा बरणीभर मिळतो. एकदा वर्ध्याहून गोरसपाक (बिस्किटं) नेला होता, काकांनी चहासोबत चार खाल्ले.

बाकी जेवण पण चांगलंच आहे. भरताची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात, धुराचा वास शेवटच्या घासापर्यंत राहतो. आलू-वांगं रोजचं, ठीक. पाटोडी रस्सा मला तेवढा नाही जमला, पाटोड्या छान नरम असतात पण रश्श्यावर तेलाचा तवंग फार, तिखट पण जास्त, आमची नर्स मैत्रीण तर दोन वाट्या वरण मागवून खाते. आधी सांगितलं तर काकू वेगळा कमी तेलाचा काढून देतात, पण सांगावं लागतं.

तक्रारी पण लिहिते, कारण मला वाटतं ही जागा चालावी. हात धुवायला एकच नळ, अन् एप्रिल-मे मध्ये त्याला पाणी नसतं, ड्रममधून मगाने घ्यावं लागतं. बायांसाठी बाथरूमची सोय नाही, प्रवासातून उतरलेल्या बाईला ती सगळ्यात आधी लागते, काकांना आम्ही चौघींनी मिळून बोललो, मागच्या बाजूला करतो म्हणाले आहेत. दुपारी एक ते दोन फार गर्दी, अर्धा तास थांबायची तयारी ठेवा, ज्यांना लगेच बस पकडायची त्यांनी त्या वेळेत जाऊ नये. स्कॅनर आहे पण रेंज जाते, सुटे पैसे जवळ ठेवा.

थाळी ९० रुपये, भाकर-पोळी हवी तेवढी. गोळाभात १२० रुपये, सार अन् फोडणीचं तेल दुसऱ्यांदा मागितलं तर वेगळे पैसे नाहीत. कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी पायऱ्या उतरून दर्शन घ्यावं अन् मग चालत इकडे यावं, पण चतुर्थीला नको, त्या दिवशी बसायला जागा मिळत नाही. गोळाभात फक्त गुरुवारी अन् रविवारी असतो. सकाळी साडेदहाच्या आत जाऊन काकांना किती ताटं ते सांगून ठेवा, ते वहीत लिहून घेतात. एकनंतर गेलात तर भात मिळेल, गोळे मिळतील याचा भरवसा नाही.