ग्रामपंचायतीच्या १० टक्के निधीतली अंगणवाडी: तरतूद उत्तम, खरेदी कच्ची

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. घरपट्टी, गाळेभाडं धरून वर्षाला ६ लाख जमत असतील तर ६० हजार. सेविकेचं मानधन आणि पोषण आहार एकात्मिक बालविकास योजनेतून येतो, त्यामुळे अंगणवाडीची खोली मुलांच्या सोयीची करायला गावाच्या हातात असलेला हक्काचा पैसा तो हा. तरतूद म्हणून पाचपैकी पाच गुण. पण या पैशातून जे विकत घेतलं जातं त्याला तीनच्या वर जाता येत नाही.

सर्वांत मोठं बिल बहुतेक ठिकाणी रंगरंगोटीचं असतं. बाहेरून अंगणवाडी छान दिसते, आत मुळाक्षरं आणि फळं पाच-सहा फुटांवर रंगवलेली. तीन वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम तीन फूट! त्यापेक्षा जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत भिंतभर काळा रंग द्यावा. मुलं खडूने त्यावर रोज गिरगटतात आणि खर्च फारच कमी येतो.

खेळण्यांचे संच चांगले येतात, पण कुलपात राहतात. संच जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या यादीत, चढला की ठोकळा हरवल्यावर जाब सेविकेला द्यावा लागतो, मग ती तो काढतच नाही. खेळणी झिजणारी वस्तू म्हणून नोंदवावीत आणि दरवर्षी थोडी नवी घ्यावीत. कुलपाच्या कपाटाऐवजी दोन फुटी उघडी मांडणी असली तर मुलं स्वतः घेतात, स्वतः ठेवतात.

खरी गफलत उंची मोजण्यात आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची, त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून. उभी मोजपट्टी उखडलेल्या फरशीवर किंवा फुगलेल्या भिंतीला लावली, मुलाचे गुडघे वाकले, की उंची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी भरते. उंची कमी लिहिली की त्या उंचीला तेवढं वजन पुरेसं ठरतं आणि तीव्र कुपोषित मूल साधारण श्रेणीत जाऊन बसतं. म्हणजे ज्याला खाऊ-उपचार हवेत, तेच सुटतं. उपाय स्वस्त आहे: एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांची फरशी पाणसळ लावून सपाट करून घ्यायची, तिथली भिंत ओळंब्यात आणायची आणि मोजपट्टी कायमची पक्की करायची. वजनकाट्याला झोळी अडकवून आधी शून्य करायचं, दर महिन्याला दुकानातलं ५ किलोचं वजन लावून तपासायचं. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आकडा आला तर उंचीची वाट न पाहता आरोग्य केंद्राला कळवायचं.

पाण्याचं शुद्धीकरण यंत्र घेताना विजेचं बिल कोण भरणार आणि फिल्टर कोण बदलणार, हे ठरावातच लिहून घ्यावं. नाहीतर पहिला फिल्टर तुंबला की यंत्र बंद आणि पाणी पुन्हा माठातलं. शौचालयात लहान भांडं आणि दीड-दोन फुटांवर नळ, एवढं झालं तरी सेविका-मदतनिसांचं निम्मं काम हलकं होतं.

हा निधी महिला व बालक दोघांचा असल्याने शिलाई मशीन आणि प्रशिक्षणांतच बराचसा संपतो. तीही गरज आहे. म्हणून मुलांचा हिस्सा वेगळा मागावा लागतो. ग्रामपंचायतीचं वार्षिक अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १, पंचायत समितीकडे जातं. त्याआधीच्या ग्रामसभेत सेविकेचं मागणीपत्र वाचलं गेलं पाहिजे. त्यात ‘साहित्य पुरवावे’ असं मोघम न लिहिता वस्तू, माप, संख्या आणि दुरुस्तीची जबाबदारी लिहावी. मार्चअखेर घाईत मागवलेली दरपत्रकं पुरवठादाराकडे शिल्लक असलेल्या मालाचीच येतात, आणि तो माल मुलांच्या मापाचा क्वचितच असतो.