लाइन फॉलोअर गाडीचं किट : सहावी ते आठवीच्या रोबोटिक्स क्लबात आठ महिने

जूनच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, दर शनिवारी दीड तास, चोवीस मुलं आणि जमिनीवरच्या काळ्या रेषेवरून आपोआप चालणार्‍या गाडीची आठ किट. अर्डुइनो उनोचा क्लोन बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा, गाडीचा मेंदू), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या सांगण्यावरून मोटरला वीज देणारा), गिअर असलेल्या दोन पिवळ्या बीओ मोटर, ६५ मिलिमीटरची चाकं, एक छर्‍याचं चाक, रेषा ओळखणारे दोन आयआर (अवरक्त) सेन्सर, आवाजाने अंतर मोजणारा एक एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक छोटी सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर), अ‍ॅक्रिलिकची चेसिस, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची भोकांची पट्टी) आणि भाग जोडायच्या सुट्या जंपर वायरी. डब्यावरचं नाव दुकानागणिक बदलतं, आतला माल जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे हा अनुभव कुठल्या एका ब्रँडचा नाही, या प्रकारच्या किटचा आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. किट घेण्यासारखं आहे, पण डब्यातून निघतं तसं वर्गात देण्यासारखं नाही. त्यात तीन कच्चे दुवे आहेत: बॅटरी, मोटरच्या वायरी आणि जंपर. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा प्रोग्रॅम बरोबर असतो आणि गाडी तरी चालत नाही, तेव्हा चूक आपलीच आहे असं ते मूल धरून चालतं. असे दोन-तीन शनिवार गेले की ते क्लबात यायचं बंद होतं. म्हणून किट मुलांच्या हाती देण्याआधी हे तीन दुवे मोठ्यांनी पक्के करायचे.

सगळ्यात मोठा घोळ बॅटरीचा. बर्‍याच किटसोबत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिचा क्लिप येतो. त्या बॅटरीवर बोर्ड चालतो, एलईडी चालतो, मोटर चालत नाही. तिच्यातून मोटरला लागेल इतका करंट निघत नाही. मोटर सुरू होताना करंट एकदम वर जातो, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. लक्षण अगदी ठरलेलं आहे. गाडी चार बोटं सरकते, थांबते, बोर्डावर ‘एल’ लिहिलेला बारका दिवा भरभर लुकलुकतो, आणि गाडी पुन्हा चार बोटं सरकते. हे दिसलं की प्रोग्रॅमला हात लावू नका, बॅटरी बदला.

चार पेन्सिल सेलचा होल्डर असेल तर दुसरी अडचण येते. एल२९८एन जुन्या घडणीचा ड्रायव्हर आहे, तो स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो. सहा व्होल्ट दिले तर मोटरला जेमतेम चार-साडेचार मिळतात. सेल नवे असताना गाडी कशीबशी चालते, पंधरा-वीस मिनिटांनी वळताना अडते. दोन १८६५० लिथियम सेल लावले की ७.४ व्होल्ट मिळतात आणि गाडी मस्त पळते. पण शॉर्ट झालेला लिथियम सेल धोकादायक असतो, आणि सहावीच्या गटात उघड्या वायरीचं टोक कधी ना कधी दुसर्‍या टोकाला लागतंच. स्वस्त होल्डरमध्ये संरक्षण सर्किटही नसतं. आमच्या मते या वयाला रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे सहा पेन्सिल सेल उत्तम. प्रत्येकी १.२, म्हणजे एकूण ७.२ व्होल्ट. सहा सेलचा होल्डर आणि चालू-बंद बटण वेगळं घ्यावं लागतं. दोन हजार एमएएचचे सेल दीड तासाला पुरून उरतात. शुक्रवारी दुपारी चार्जिंगला लावायचे, आणि एका गटाचे सहा सेल कायम एकत्र ठेवायचे. त्यासाठी सेलवर गटाचा क्रमांक मार्करने लिहा. सहातला एक जरी अर्धा उतरलेला असला तरी सगळी गाडी लंगडते.

बॅटरीची वायर ड्रायव्हरच्या १२ व्होल्ट लिहिलेल्या स्क्रूत आणि तिथूनच बोर्डाच्या व्हिन या वीज घेण्याच्या पिनेला न्यायची. ग्राउंड (वीज परत जायची वाट) मात्र तिन्ही ठिकाणी एक हवा: बॅटरी, ड्रायव्हर, बोर्ड. ड्रायव्हर आणि बोर्ड यांच्यातली ग्राउंडची वायर मुलं हमखास विसरतात, कारण चित्रात ती फालतू वाटते. ती नसली की मोटर कधी फिरते, कधी नाही, आणि काहीच कळत नाही. ग्राउंडसाठी काळीच वायर, दुसर्‍या कशालाही काळी वायर नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

आता मोटर. पिवळ्या मोटरच्या मागे तांब्याच्या दोन बारीक पट्ट्या असतात, नखाच्या टोकाएवढ्या. वायर तिथे सोल्डर केलेली असते, नाहीतर नुसती ओवून पिळलेली. मूल गाडी उचलतं ते वायरीला धरून. पट्टी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते आणि तिसर्‍या-चौथ्या वेळी मुळातून तुटते. पट्टी तुटली की मोटर गेलीच समजा, कारण सोल्डर करायला जागाच उरत नाही. उपाय दहा मिनिटांचा आहे. किट आल्या आल्या सगळ्या मोटरच्या वायरी नीट सोल्डर करा, त्याच वेळी दोन पट्ट्यांमध्ये १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर जोडा, आणि वायर मोटरच्या प्लॅस्टिक अंगावर वळवून झिप-टायने आवळा. ताण टायवर येतो, पट्टीवर येत नाही. कपॅसिटरमुळे मोटरच्या ब्रशचा विद्युत गोंगाट कमी होतो आणि सेन्सरचे वेडेवाकडे आकडेही थांबतात.

मोटर मागवताना वेग बघा. ३०० आरपीएमची (मिनिटाला ३०० फेर्‍यांची) मोटर घेतली तर गाडी वळणावर रेषा सोडून पुढे निघून जाते. १०० किंवा १५० ची घ्या. दोन मोटर एकाच खोक्यातल्या असल्या तरी सारख्या फिरत नाहीत, गाडी एका बाजूला ओढतेच. हा दोष मानू नका, शिकवायला घ्या. जमिनीवर दोन मीटरची सरळ रेषा आखायची, गाडी सोडायची, रेषेपासून बाजूला किती सेंटिमीटर सरकली ते मोजायचं आणि जोरात फिरणार्‍या बाजूचा पीडब्ल्यूएमचा (प्रोग्रॅममधला वेग ठरवणारा) आकडा पाच-पाचने उतरवायचा. सातवीची मुलं यात रंगून जातात. शंभरच्या आसपास किंवा त्याखाली आकडा गेला की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. प्रत्येक गटाने आपल्या गाडीचा हा किमान आकडा वहीत लिहून ठेवावा.

वेग बदलण्याआधी ड्रायव्हरवरच्या ईएनए आणि ईएनबी या वेगाच्या पिनांवरच्या काळ्या टोप्या काढायच्या. त्या राहिल्या तर प्रोग्रॅममध्ये १२० लिहा की २०० लिहा, मोटर पूर्ण वेगानेच फिरते. काढलेल्या टोप्या लगेच हरवतात, डब्याच्या झाकणाला आतून टेपने चिकटवून ठेवा. आणखी एक खाचखळगा: किटसोबत आलेल्या आकृतीत ईएनए, ईएनबी नऊ आणि दहा क्रमांकाच्या पिनांना जोडलेले असतात. सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) वापरली की उनोवर या दोन पिनांचं पीडब्ल्यूएम बंद पडतं. म्हणजे ऑगस्टमध्ये छान चाललेली गाडी ऑक्टोबरमध्ये सर्व्हो बसवल्यावर अचानक बिघडते आणि वायरिंग तर तेच असतं. सुरुवातीपासून पाच आणि सहा वापरा. शून्य आणि एक या पिना मोकळ्याच ठेवा, तिथे काही जोडलेलं असलं की प्रोग्रॅम अपलोड होत नाही.

जंपर वायरी सरासरी तीन-चार महिने टिकतात. बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून सुटलेली असते. ती डोळ्यांनी ओळखता येत नाही, मल्टिमीटरच्या बझरवर धरून टोकाशी हलवून बघावी लागते. दर महिन्याला दोन मुलांवर हेच काम सोपवायचं: सगळ्या वायरी बझरवर तपासायच्या आणि वाईट निघाली की तिथल्या तिथे कात्रीने कापायची. न कापता बाजूला ठेवलेली वायर पुन्हा डब्यात येते, हे ठरलेलंच. मोठ्या ब्रेडबोर्डचंही एक लक्षात ठेवा. काहींच्या कडेची लाल-निळी पट्टी मध्यावर तुटलेली असते, एका अर्ध्याला वीज असते आणि दुसर्‍या अर्ध्याला नसते. रेघ मध्ये खंडित छापलेली असेल तर दोन्ही अर्धे एका छोट्या वायरीने जोडून टाका.

आयआर सेन्सर दिवसाच्या उजेडात रुसतात. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, म्हणून खिडकीजवळच्या ट्रॅकवर गाडी रेषा ओळखत नाही आणि भिंतीकडे नेली की ओळखते. ट्रॅक सावलीत ठेवा. सेन्सर जमिनीपासून एक सेंटिमीटरच्या आत असावा. दोन्ही सेन्सरांमधलं अंतर रेषेच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त ठेवा, म्हणजे रेषा मधोमध राहते आणि दोन्हींना पांढरं दिसतं. सेन्सरच्या निळ्या चौकोनावरचा पितळी स्क्रू फिरवून आधी पांढर्‍यावर दिवा लागेल, मग काळ्यावर विझेल असं बसवायचं. काळ्याबद्दल सावध राहा. काही मार्करची शाई डोळ्यांना काळी आणि सेन्सरला पांढरी दिसते, चमकदार इन्सुलेशन टेपही तिरपा उजेड पडला की फसवते. काळा मॅट चार्ट पेपर कापून चिकटवलेला ट्रॅक सगळ्यात भरवशाचा ठरला. फ्लेक्स छापून घ्यायचा असेल तर आधी हातभर तुकडा मागून सेन्सरखाली धरून बघा.

अल्ट्रासॉनिक सेन्सर मुलांना सगळ्यात जास्त आवडतो आणि त्यातलं गणितही सुंदर आहे. आवाज जाऊन परत येतो म्हणून उत्तराला दोनने भागायचं, हे फळ्यावर सांगून सहावीला पटत नाही. मुलाला भिंतीपर्यंत जाऊन परत यायला सांगा, पावलं मोजायला लावा, मग भिंत किती पावलांवर आहे ते विचारा. एका मिनिटात काम होतं. सेन्सर दोन सेंटिमीटरच्या आतलं धड मोजत नाही. पडदा, स्वेटर, दप्तर यांच्यावरून आवाज नीट परतत नाही, आणि तिरप्या पुठ्ठ्यावरून तो भलतीकडेच जातो. त्यामुळे ‘गाडी माझ्या पायाला धडकली’ ही तक्रार खरी असते. पल्सइन या आदेशात तिसरा आकडा म्हणून २५००० लिहा. म्हणजे पंचवीस मिलिसेकंदांत प्रतिध्वनी आला नाही तर प्रोग्रॅम पुढे जातो. तेवढ्या वेळात आवाज सव्वाचार मीटरवरून परत येतो, सेन्सरची मर्यादाही साधारण तेवढीच आहे. हा आकडा न लिहिता मोकळ्या जागेत गाडी अडखळत चालते.

क्लोन बोर्डसाठी विंडोजवर सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर टाकावा लागतो (हा मोटरचा नव्हे, संगणकातलं सॉफ्टवेअर). तो टाकूनही पोर्ट दिसला नाही तर केबल बदला. प्रोग्रॅमिंगसाठी ठोकळ्यांचं सॉफ्टवेअर की थेट कोड? सहावीला ठोकळे, सातवीपासून ठोकळ्यांच्या शेजारी दिसणारा कोड वाचणं, आठवीला टायपिंग, हा क्रम जमला. टायपिंगमध्ये ‘डिजिटलराइट’मधलं मधलं डब्ल्यू मोठ्या लिपीत नसणं आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरणं या दोनच चुका दहातल्या आठ वेळा सापडतात. शब्द अचूक लिहिला की त्याचा रंग बदलतो, हे मुलांना दाखवून ठेवा. कुणी कोड वर्डमध्ये चिकटवून परत आणला तर सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि ‘स्ट्रे \३४२’ असं चमत्कारिक वाक्य येतं. ती चिन्हं पुसून पुन्हा टाइप करायची.

गट तिघांचा हवा. चौघं झाले की एक जण नुसता बघत बसतो, दोघंच असले आणि एक गैरहजर राहिला की काम अडतं. एक वायरिंगला, एक संगणकावर, एक वही घेऊन तपासणीला, आणि दर शनिवारी जागा बदलायच्या. ही बदली मोठ्यांनी सांगून करवावी. मुलांवर सोडलं तर मुलगे वायरी धरतात आणि मुलीच्या हाती वर्षभर वही राहते. हे मोठं नुकसान आहे आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिले सहा शनिवार गाडी बाहेर काढू नका. एलईडी, बटण, बझर, सेन्सरचे आकडे स्क्रीनवर वाचणं, एक मोटर, मग दोन. एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर द्यायचा. किटमधले बारीक निळे रेझिस्टर पट्ट्यांवरून ओळखताना मोठेही चुकतात, म्हणून मोजून वेगवेगळ्या पाकिटांत भरून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत किट घरी देण्यापेक्षा टिंकरकॅड सर्किट्सवर सराव द्या. ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि काही जळत नाही. शेवटची पंधरा मिनिटं आवराआवरीची. झाकणावर चिकटवलेल्या यादीप्रमाणे मोजून डबा बंद करायचा. ही पंधरा मिनिटं खाल्ली की पुढच्या शनिवारची तीस जातात.

विज्ञान प्रदर्शनाला गाडी न्यायची असेल तर ट्रॅकही सोबत न्या आणि आयआरचे स्क्रू तिथल्या उजेडात पुन्हा बसवा. शाळेत बसवलेले मंडपात चालत नाहीत.

आठ किटमागे वर्षाला लागणारे सुटे भाग: सहा बीओ मोटर, दोन एल२९८एन, दोन उनो, चार आयआर सेन्सर, तिन्ही प्रकारच्या (दोन्ही टोकांना पिन, दोन्ही टोकांना भोक, एकीकडे पिन-एकीकडे भोक) जंपर वायरींचे दोन-दोन संच, शंभर झिप-टाय, आणि छर्‍याच्या चाकाचे चार जास्तीचे स्क्रू. स्क्रू सगळ्यात आधी संपतात आणि हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचे सहसा मिळत नाहीत, तेव्हा किटच्याच ऑर्डरमध्ये मागवून घ्या.