‘विंडोज नवीन टाकून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती लॅपटॉप देण्यापूर्वी

गेल्या जूनमध्ये विंडोजचे अपडेट झाल्यावर दुसऱ्या सकाळी माझ्या लॅपटॉपचा आवाज आणि वायफाय दोन्ही एकदमच बंद पडले. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब माझ्याकडे असतात आणि लेखापरीक्षणाची कागदपत्रे त्याच आठवड्यात द्यायची होती, त्यामुळे फार चौकशी न करता मी लॅपटॉप जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाच्या भागांची विंडोजमधली यादी, उघडून दोन नावांपुढचे पिवळे त्रिकोण दाखवले आणि म्हणाला, “काका, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारून ओरिजिनल टाकून देतो.” विंडोजचे 1500, ऑफिसचे 800 आणि ड्रायव्हरचे, म्हणजे वायफाय, आवाज असे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, 500 असे 2800 रुपये ठरले. पावती म्हणून त्याने एका चिठ्ठीवर ‘ओरिजिनल विंडोज, ऑफिस, ड्रायव्हर’ असे लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मिळाला तेव्हा आवाज येत होता, वायफाय लागत होते आणि माझ्या फाइलीही जागच्या जागी होत्या. काही दिवसांनी मात्र टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही हे लक्षात आले. शिवाय ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे सांगून पैसे मागणारी एक चौकट रोज पडद्यावर येऊ लागली. हा प्रोग्रॅम मी कधीच घेतलेला नव्हता. दुकानदाराने पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हरचा सरसकट गठ्ठा चढवला, त्यासोबत तो आला असावा.

गणपतीत पुतण्या घरी आला आणि त्याने सेटिंग्जमध्ये पाहिले, तर तिथे विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती दिसली. 2022 मध्ये लॅपटॉप घेतला त्या बिलावर ‘होम सिंगल लँग्वेज’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याने कमांडच्या काळ्या खिडकीत एस-एल-एम-जी-आर, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्स-पी-आर ही अक्षरे टाइप केली. एक लहानशी चौकट उघडली आणि तिच्यात परवान्याची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपेल असे लिहिलेले होते. लॅपटॉपसोबत आलेला परवाना कायमचा असतो, त्याला मुदत नसते. मोठ्या संस्था आपल्या संगणकांना स्वतःच्या सर्व्हरवरून 180 दिवसांची मान्यता देतात आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली जाते. चोरटी साधने संगणकातच तसा खोटा सर्व्हर उभा करतात. जूनमध्ये टाकलेल्या विंडोजची मुदत मार्चपर्यंत गेली होती, म्हणजे तसले साधन माझ्या नकळत ती वाढवत बसले होते. त्याला धक्का लागू नये म्हणून सी ड्राइव्हमधला एक फोल्डर डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळलेला होता. याच लॅपटॉपवरून मी संस्थेचे बँक खाते पाहत होतो. त्याच रात्री मी दुसऱ्या संगणकावरून सगळे पासवर्ड बदलले.

पैशांपेक्षा मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. विंडोज 8 पासून लॅपटॉपच्या कंपन्या परवान्याची ‘की’, म्हणजे सांकेतिक क्रमांक, मदरबोर्डमध्येच साठवून ठेवतात. तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर सेटअप ती ‘की’ स्वतः वाचतो आणि इंटरनेट जोडले की विंडोज सक्रिय होते; त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. म्हणजे जे माझ्या मालकीचे होते ते काढून त्याच्या जागी चोरीचा माल बसवला, आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले.

पुतण्याने फाइली बाहेरच्या डिस्कवर काढल्या, मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला आणि मूळ आवृत्ती पुन्हा टाकली. वायफायचा ड्रायव्हर त्यात नव्हता, म्हणून मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरले. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घातल्यावर त्याच यंत्राचे ड्रायव्हर समोर आले. वायफाय, आवाज आणि टचपॅड अशा तीनच फाइली लागल्या. खरे तर जूनमध्ये फॉरमॅटचीही गरज नसावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण असलेल्या नावावर डबल क्लिक केले की ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते आणि ते दाबता येत असेल तर अपडेटपूर्वीचा ड्रायव्हर परत येतो. दुकानदाराने तेवढेही करून पाहिले नाही, आणि त्याला ते ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “काका, दीड हजारात ओरिजिनल कुठे येतं? सगळीकडे हेच टाकतात.” त्याने 500 रुपये पुढे केले, ते मी घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यामुळे तोही मार्ग मोकळा आहे. तुमचा लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी सेटिंग्जमधील ‘अबाउट’ उघडून विंडोजच्या आवृत्तीचा फोटो काढून ठेवा आणि परत घेताना तेच नाव दिसते का ते दुकानातच पाहा. काय टाकणार आहेत ते सहीनिशी लिहूनही घ्या. माझ्याकडे पुरावा म्हणून आज तेवढी चिठ्ठीच आहे, आणि तिच्यावर ‘ओरिजिनल’ हा शब्द त्याच्याच अक्षरात आहे.