राणीगेट की साखरेचा पाक? सातेरी पेटीत टिकवायची तर

दिंडोरीकडे आमच्या मळ्यात कांद्याच्या डोंगळ्यांचा फुलोरा मार्चअखेर आटोपतो. ऊन चढतं, फुलं आटतात आणि सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, पेट्यांची काळजी सुरू होते. पोळ्याची चौकट उन्हाकडे धरली आणि घरांच्या तळाशी ताजी अंडी दिसली नाहीत, नुसता बंद पिलावाच, म्हणजे मेणाच्या झाकणाखालची पिल्लंच, उरलेला दिसला, की वसाहतीचं मन उडालं समजावं. राहिलेली पिल्लं बाहेर पडली की सगळ्या जणी मध पोटात भरून निघतात. आपल्या हाती फार तर दहा-बारा दिवस.

अशा वेळी मी राणीगेटही, म्हणजे कामकरी माशी जाईल पण राणी जाणार नाही अशा फटींची दाराची जाळी, लावून पाहिलं आणि साखरेचा पाकही देऊन पाहिला.

गेटचं काम झटपट. राणी आत अडते, त्यामुळे थवा उठला तरी घिरट्या घालून पेटीवर परततो. नवी वसाहत धरून आणली की पहिले चार-पाच दिवस मी ते आजही लावतो. पण महिनाभर ठेवलं तेव्हा माझं मन त्यावरून उतरलं, ते नरांमुळे. नर अंगानं जाड, दुपारी बाहेर पडायच्या घाईत फटींत डोकी घालतात आणि तिथेच मरतात. रोज संध्याकाळी बाभळीच्या काट्यानं मी ते एकेक करून काढायचो. तोवर परागाच्या गोळ्या घेऊन आलेल्या कामकरी दारात खोळंबलेल्या, फळीवर पिवळे कण सांडलेले. पेटीत आधीच परागाची चणचण, आणि त्यांच्या तोंडचा घास आपणच दारात अडवतोय, हे बघवेना. पेटीत नवी राणी निपजली असेल, तर तिलाही मीलनासाठी बाहेर पडता येत नाही.

पाकाला खटपट जास्त. साखर-पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, पेटीच्या आतच द्यायचं. बाहेर सांडलं तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. सोबत पेटी आंब्याच्या सावलीत हलवली, स्टँडच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि माश्यांना झाकता येतील तेवढीच पोळी ठेवली, म्हणजे पोळी खाणाऱ्या मेणकिड्याला मोकळी जागा उरत नाही. फुलोरा सुरू व्हायच्या आधी पाक बंद करायचा, नाहीतर मधात साखर उतरते.

गेल्या वैशाखात आठवडाभर असं केल्यावर एका चौकटीत अंडी दिसली, घराच्या तळाशी उभी, दोऱ्याच्या तुकड्यासारखी. त्या वसाहतीनं पावसाळा त्याच पेटीत काढला.

माझ्या चारच पेट्या, तेव्हा फार ठाम बोलत नाही. त्र्यंबककडच्या पावसात आठ-आठ दिवस पेटी उघडता येत नाही, तिथे गेट उपयोगी पडत असेलही. पण दोन्हींतलं एकच घ्यायचं झालं तर मी साखर आणेन. गेट माझ्याकडे एकच आहे, नव्या वसाहतीसाठी खुंटीला टांगून ठेवलेलं.