हाताने ढकलायचं लॉन मोवर, एक पावसाळा वापरून

नाशिकला आईबाबांच्या रो हाऊसपुढे साधारण ३०० स्क्वेअर फूट लॉन आहे. बाबा गेले, आई आमच्याकडे राहायला आली आणि घर अडीच वर्षं बंद राहिलं, त्यात लॉनचं पार रान झालं. मागच्या जूनमध्ये गेट उघडलं तर कमरेएवढं गाजर गवत, मधेमधे लव्हाळा, आणि बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे तिथे नुसती टणक जमीन. फार वाईट वाटलं.

एका नर्सरीवाल्याला बोलावलं, त्याने उभ्या उभ्याच सांगितलं की तणनाशक मारा, सगळं काढून नवीन तयार लॉनचं कार्पेट टाका आणि हुमणीसाठी (गवताची मुळं खाणारी अळी) फोरेट हे कीटकनाशक टाका. फोरेटवर २०२० संपतानाच बंदी आलीये आणि आई त्याच गवतावर अनवाणी फिरते, त्यामुळे मी त्याला नाही म्हटलं आणि १२ इंची हाताने ढकलायचं मोवर ऑनलाइन मागवलं, पाच हजारांच्या आत मिळालं. पेट्रोल नाही, वायर नाही, दुपारी चालवलं तरी शेजारच्यांची झोप मोडत नाही.

पण एक नीट समजून घ्या, हे रान साफ करायचं यंत्र नाहीये. गवत चार-पाच इंचांच्या वर गेलं की ते रोलरखाली आडवं होतं आणि मागून परत उभं राहतं. मी आधी गाजर गवत फुलायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटलं, लव्हाळा खुरप्याने गाठी शोधून शोधून काढला (गाठ राहिली की परत येतोच), बाकीचं विळ्याने कापलं, मग मोवर लावलं. जमिनीला बागकामाच्या काट्याने भोकं पाडून त्यात घरचं कंपोस्ट आणि निंबोळी पेंड भरली. माती हलवताना पांढऱ्या, सी आकारात वळलेल्या हुमणीच्या अळ्या निघाल्या, त्या वेचून काढल्या आणि पाऊस सुरू असतानाच कृषी सेवा केंद्रातून मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) आणून शेणखतात मिसळून टाकलं.

आता मोवरबद्दल. बॉक्समधून काढलं तेव्हा धड कापतच नव्हतं, मला वाटलं पैसे गेले. मग कळलं की फिरणारी पाती (म्हणजे रीळ) खालच्या स्थिर पात्याला जेमतेम टेकली पाहिजेत, कात्रीसारखी. दोन्ही बाजूचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे आणि मधे पेपरची पट्टी धरून रीळ हाताने फिरवायचं, पण बोटं लांब ठेवून, पट्टी डावीकडे, मधे, उजवीकडे सगळीकडे सरळ कापली गेली की सेटिंग जमलं. त्यानंतर असं सुंदर कापतं की गवताची टोकं फाटत नाहीत, म्हणून पिवळीही पडत नाहीत. कापलेलं गवत तिथेच राहू देते, तेच खत होतं, फक्त एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही.

तक्रारी आहेतच. ओल्या गवतात अडकतं, म्हणून पावसात उघडीप बघून बसावं लागतं. बांधकामाच्या राडारोड्यातला एक खडा आत गेला आणि पात्याला खाच पडली, सुटं पातं विक्रेत्याकडे नव्हतंच आणि नेहमीच्या धारवाल्याला हे जमत नाही. शेवटी गॅरेजमधून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली, पात्यांना लावली आणि रीळ उलटं फिरवत घासलं, बऱ्यापैकी धार आली.

हजार-दीड हजार फुटाचं लॉन असेल तर घेऊ नका, दमून जाल. छोटं असेल आणि दर आठ-दहा दिवसांनी अर्धा तास देणार असाल तर डोळे झाकून घ्या. आमचं जुनं विकतचं गवत निम्मं गेलं, त्या जागी हरळी आपोआप पसरली, मी ती येऊ दिली कारण ती आपल्याच मातीतली आहे आणि उन्हाळ्यात कमी पाण्यावरही तग धरते. कुंपणाकडच्या कोपऱ्यात मोवर फिरवत नाही. गणपतीत आईने तिथूनच दूर्वा खुडल्या.